अर्ध्या तासाची घंटा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिलं’ यावर लिहा, असा निरोप आला. स्नेहसंमेलनं, खो-खोची ढाल यांवर बाकीचे लिहितीलच. मला शाळेने बुटांचा एक खोका दिला. आत साळुंकीची तीन पिल्लं होती.

1991 चा एप्रिल, मी सातवीत. आईला जाऊन दोन महिने झाले होते. वर्गातली पोट्टी एकाएकी फार चांगली वागू लागली होती, मधल्या सुट्टीत न मागता डबे पुढे करायची. त्यामुळेच मी कुणाशी बोलेनासा झालो. एका संध्याकाळी वादळात मैदानातल्या कडुनिंबाची फांदी ढोलीसकट मोडली. सकाळी चपराशीकाकांना पिल्लं सापडली, शेजारी मेलेली साळुंकी.

विज्ञानाच्या बाईंनी आधी खोका झाडालाच बांधला. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात हे खरं नाही, जोडीतला दुसरा येईल, म्हणाल्या. चार वाजेपर्यंत आम्ही दोघं व्हरांड्यात बसून होतो. कोणी आलं नाही. मग त्यांनी खोका माझ्याकडे दिला. ‘‘पाळायची नाहीत, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते चालतही नाही. वाढवायची आणि सोडायची. उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर अर्ध्या तासाने भरवायचं. दूध नाही, पोळी नाही, आणि चोचीत पाणी तर मुळीच घालायचं नाही.’’ (आता असे पक्षी नागपुरात सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राला, देता येतात. तेव्हा आमच्यासाठी बाईच होत्या.)

सुट्टी लागली. शाळेची घंटा बंद झाली आणि घरात ही अर्ध्या तासाची सुरू झाली. पिवळ्या कडांच्या चोची उघडून तिघं ओरडायची. त्यांना माझी कीव येत नव्हती, भूक लागत होती. उकडलेल्या अंड्याचा बलक, घट्ट कालवलेलं सातूचं पीठ आणि पाय काढलेले नाकतोडे. भरवायला आईच्या शिवणयंत्राच्या खणातला चिमटा घेतला. तो खण फेब्रुवारीपासून कुणी उघडला नव्हता. नाकतोडे बाबा आणायचे. सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसच्या हिरवळीवर, जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीचा शर्ट घातलेला हेडक्लार्क गुडघ्यांवर रांगतोय, हे मी पाहिलं नाही, पण पँटींवरचे हिरवे डाग मीच धुतले.

मे महिन्यातलं नागपूर. कूलर लावूनही पिल्लं आ वासून धापा टाकायची. एका दुपारी सगळ्यात लहान पिल्लाची धाप मला बघवेना. ड्रॉपरने पाणी घातलं. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. पाणी त्यातच शिरलं. पिल्लू दोन मिनिटांत गेलं.

भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, दोन जिवंत आणि एक मेलेलं पिल्लू घेऊन मी सायकलने बाईंच्या घरी गेलो. आणि तोवर कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. शेवटच्या दिवशी आईने माझ्याकडे पाणी मागितलं होतं. डॉक्टरांची मनाई होती म्हणून मी दिलं नव्हतं.

बाईंनी जवळ घेतलं नाही. माठातलं पाणी दिलं, मी पिईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘तेव्हा तू बरोबर होतास. आज चुकलास. या दोघांची वेळ होऊन गेली, भरव.’’ मी रडत रडत भरवलं. नंतर मागच्या अंगणात लहान पिल्लाला पुरलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं कडुनिंबावर गेली. काही दिवस खिडकीशी येऊन मागायची, मग चाफ्याखाली स्वतःच किडे वेचू लागली. एका संध्याकाळी आलीच नाहीत. बाबा नेहमीसारखा डबा घेऊन आले, रिकाम्या खोक्याकडे बघत म्हणाले, ‘‘आता याचं काय करू बापा?’’ दोघांनी अंगणात जाऊन डबा उघडला, नाकतोडे गवतात उडाले. मी चिमटा धुतला, पुसला आणि आईच्या खणात ठेवला.

26 जूनला शाळा उघडली. मधल्या सुट्टीत मी कुणाच्या तरी डब्यातलं लोणचं मागून घेतलं.