बेचाळीसचा आकडा

सव्विसाव्या शॉटला, म्हणजे प्रयोगाच्या सव्विसाव्या फेरीला, स्क्रीनवर तापमानाचा आकडा ४२ आला आणि आमचा थिअरीवाला खुर्चीतून उडालाच. कारण सकाळीच त्याने फळ्यावर ४१ लिहून ठेवले होते.

आमचं काम असं: विद्यापीठाच्या तळघरात एक लांब नळी आहे. तिच्या एका टोकाला प्लाझ्मा गन. ती हायड्रोजन प्लाझ्माचा (इतका तापलेला वायू की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात) गोळा सोडते, पीळ घातलेल्या दोरासारखा, आपलं चुंबकीय क्षेत्र पोटात घेऊनच निघालेला. सेकंदाला ४० किलोमीटर वेगाने तो दुसऱ्या टोकाच्या बंद तांब्याच्या डब्यात थडकतो आणि चेपला जातो. खेळ चार-पाच मायक्रोसेकंदांचा. उरलेला दिवस गनला वीज पुरवणारे कपॅसिटर चार्ज होण्याची वाट बघण्यात आणि उरलेली वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची काठी लावली का, हे दोनदा तपासण्यात जातो.

सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, तसा चेपलेला प्लाझ्माही तापतो. प्रश्न आहे, किती? साध्या वायूसारखा वागला, तर ३० टक्के आकसल्यावर २० इलेक्ट्रॉनव्होल्टचे २५ व्हायला हवेत. (एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे साडेअकरा हजार अंश.) पण इथे कण चुंबकीय क्षेत्राच्या रेषांना बांधलेले. रेषेच्या दिशेने दाबलं की ऊर्जा त्याच दिशेच्या हालचालीत साठते, टकरा होऊन ती सगळीकडे वाटली जाईपर्यंत. बोळाच्या दोन्ही भिंती जवळ येत असताना त्यांच्यामध्ये आपटणारा रबरी चेंडू डोळ्यासमोर आणा. च्यू, गोल्डबर्गर आणि लो यांनी १९५६ मध्ये हे गणित मांडलं. त्यानुसार त्या दिशेपुरते २० चे ४१ होतात.

म्हणून पेढे वाटायचंच बाकी होतं. बॉसने तर परिषदेचा गोषवारा लिहायला घेतला.

मला मात्र मोजलेल्या प्रकाशरेषेचा आकार खुपत होता. आम्ही तापमान थर्मामीटरने मोजत नाही. प्लाझ्मात भेसळ म्हणून असलेल्या कार्बनची २२९.७ नॅनोमीटरची प्रकाशरेषा किती रुंदावली, त्यावरून काढतो. आयन (विद्युतभारित अणू) जितके सैरभैर, तितकी रेषा रुंद. तापमानामुळे रुंदावलेल्या रेषेचा माथा गोल असतो, घंटेसारखा. सव्विसाव्या शॉटचा माथा सपाट होता. संगणकाने त्यावर मुकाट्याने घंटेचा आकार बसवला आणि ४२ सांगून मोकळा झाला. फिटिंगच्या प्रोग्रॅमवर डोळे झाकून विसंबणारी माणसं आमच्याकडे बरीच आहेत. मीही त्यातलाच, त्या दिवसापर्यंत.

हा प्रकाश आम्ही ज्या खिडकीतून टिपतो, ती नळीला ४५ अंशांत तिरपी आहे. सरळ खिडकी शेजारच्या गटाच्या व्हॅक्यूम गेजने (निर्वात मोजणाऱ्या उपकरणाने) अडवली आहे, दोन वर्षं, 'तात्पुरती'. तिरप्या खिडकीला नळीच्या लांबीतली ये-जाही दिसते. आत शिरणारा एक प्रवाह आणि डब्यावर आपटून उलटा फिरलेला दुसरा, दोन्ही एकाच वेळी दिसले तर? रात्री बसून हिशेब केला. एक प्रवाह खिडकीकडे येणारा, दुसरा तिच्यापासून दूर जाणारा; त्या दिशेने दोघांचा वेग सेकंदाला जेमतेम १२-१३ किलोमीटर असला तरी पुरे. २५ चेच ४२ दिसतात, माथाही सपाट होतो.

१९५८ मध्ये ब्रिटनमधल्या हार्वेलच्या झीटा या अणुसंलयन यंत्राने हेच सोसलं. जानेवारीत न्यूट्रॉन मिळाले, म्हणजे उष्णतेने संलयन झालं, असा जल्लोष झाला, मे महिन्यात कबुली आली की ते उष्णतेतून आलेले नव्हते. हे मी बॉसला ऐकवलं. त्याला आवडलं नाही.

पण मी बरोबर आहे, असंही छातीठोक म्हणवत नाही. समोरासमोर धावणारे दोन प्रवाह आणि बोळातला आपटणारा चेंडू यांत फरक तो काय? आमच्या घनतेला प्रोटॉनांची (हायड्रोजनच्या केंद्रकांची) एकमेकांशी टक्कर व्हायला सुमारे दोन मायक्रोसेकंद लागतात, आणि आमचं चेपणं जेमतेम त्याच्या दुप्पट. प्रवाह कुठे संपतो आणि तापमान कुठे सुरू होतं, ते अशा अर्धवट वेळेत कोणी ठरवायचं? थिअरीवाला म्हणतो, दाब तो दाबच. त्याचं खोडून काढायला मला अजून जमलेलं नाही.

गोषवारा थांबवला आहे. गेज काढा म्हणून शेजाऱ्यांना तीन ईमेल गेल्या. परवा उत्तर आलं: पुढच्या महिन्यात बघू.