मणी गोल, म्हणे सोनाका

आप्पांचा, म्हणजे द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनचा, व्हॉइस मेसेज १ मिनिट ४२ सेकंदांचा होता. सुरुवातीला नुसता बागेत औषध मारायच्या ब्लोअरचा आवाज. मग कुणाला तरी "बंद कर रं जरा" म्हटलेलं ऐकू आलं, ब्लोअर थांबला आणि आप्पा बोलायला लागले.

"म्याडम, तुमच्या हापिसातनं दोन नंबर आमच्या ग्रुपात शिरलेत. एकाचं नाव ट्रूकॉलरवर तुमच्या ॲपचंच येतंय. म्हंजे चोरी करायला आलासा आन् घरावरची पाटी गळ्यात घालून आलासा. सवड काढून या. फोनवर बोलायचं हे न्हाई."

मी तो मेसेज सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात, म्हणजे एका डेंटिस्टच्या दवाखान्यावरच्या दीड खोलीत, उभ्यानंच तीनदा ऐकला. पार्टनर समोर बसला होता. तो काही बोलला नाही. त्या सिमकार्डचा नंबर आम्ही आधी कुरिअरवाल्यांना द्यायचो, हे त्याला आत्ता आठवलं असावं.

आमचं ॲप तसं साधं आहे. द्राक्षबागेची छाटणीची तारीख टाकायची, कोणत्या दिवशी कोणतं औषध मारलं ते टाकायचं. त्या औषधानंतर माल तोडायला किती दिवस थांबायचं ते ॲप सांगतं. हा हिशेब किती महागात पडू शकतो ते २०१० साली सगळ्यांनी पाहिलंय. युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसीचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे, अंश सापडले, मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅमची, आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. आमच्या प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड त्यावरच होती. आप्पांसारख्यांनी ते वर्ष अंगावर काढलं होतं, आम्ही त्याला छान लाल रंगाचा फॉन्ट दिला होता.

पण ॲप लोकांपर्यंत न्यायचं कसं? जाहिरातीला पैसे नव्हते. औषधांच्या दुकानदारांना आमच्यात काडीचा रस नाही, कारण ॲप कधी कधी "आता मारू नका" असंही सांगतं. उरले ग्रुप. सांगली जिल्ह्यातला द्राक्षवाला पेपर उशिरा वाचेल, पण ग्रुप पहाटे साडेचारला उघडतो. पानाच्या खालच्या बाजूचे फोटो, घडांचे फोटो, आभाळाचे फोटो, "हे दावण्या हाय का भुरी?" असले रोग ओळखायचे प्रश्न. आणि खाली दहा मिनिटांत पंधरा उत्तरं.

मी एका बेदाणावाल्यांच्या ग्रुपात आठ महिने होते. स्वतःच्या नावानं, आणि नावापुढं ॲपचं नाव लावून, म्हणजे उगाच कुणाला संशय नको. तिथं मी बहुतेक वेळ गप्पच असायची. रेसिड्यूचं, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचं, कुणी विचारलं तर औषधाच्या लेबलचा फोटो काढून त्यातली नेमकी ओळ टाकायची आणि लिहायची, "आमचं ॲपही हेच सांगतं, पण हे डब्यावर फुकट वाचायला मिळतं." उत्तर ग्रुपातच द्यायचं, एकेकट्याला गाठून नाही. त्या आठ महिन्यांत चार जणांनी आपणहून लिंक मागितली.

"आठ महिन्यांत चार," पार्टनर म्हणाला होता. "या वेगानं आपण म्हातारे होऊ."

त्याचं म्हणणं मला अगदीच चूक वाटलं नव्हतं, हे कबूल करते. त्यानं कुठंतरी वाचलेली रेडिटची गोष्ट सांगितली. २००५ साली रेडिट सुरू झालं तेव्हा ती साइट ओस होती, म्हणून स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन यांनी स्वतःच वेगवेगळ्या खोट्या नावांनी लिंका टाकून गर्दी असल्याचं दाखवलं. गोष्ट खरी आहे, हफमननं स्वतःच नंतर सांगितलीय. त्याच रेडिटवर पुढं दहा पोस्टींत फार तर एखादी स्वतःच्या धंद्याची असावी असा संकेत पडला, तेवढं मात्र पार्टनरनं वगळलं. "दोन नंबर टाकतो, थोडे दिवस शेतकऱ्यासारखं बोलायचं, मग हळूच आपलं नाव घ्यायचं," तो म्हणाला. मी "बघ बाबा" म्हणाले. नको म्हणाले नाही.

माधवनगर, बुधगाव, कवलापूर मागं टाकत ॲक्टिव्हावरून तासगावच्या रस्त्याला लागले, तेव्हा ती रेडिटची गोष्ट डोक्यात घोळत होती. त्यांचं ते स्वतःचं घर होतं, आणि रिकामं होतं. इथं आप्पांच्या ग्रुपात १,०२४ माणसं बसलेली. व्हॉट्सॲपची हद्द तेवढीच.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. अवकाळी पाऊस नुकताच पडून गेलेला, रस्त्याकडेच्या बागांत अजून चिखल होता आणि प्रत्येक बागेत टाकी भरलेली दिसत होती.

आप्पांच्या बागेत विरळणी चालू होती. मांडवाखाली सात-आठ बाया हात वर करून कात्रीनं घडातले जास्तीचे मणी काढत होत्या, खाली हिरव्या मण्यांचा सडा पडलेला. मांडवाखालून वाकून जायची मला सवय नाही, दोनदा डोकं आपटलं. आप्पा बांधावर पोतं टाकून बसले होते. साठीचे असतील. समोर चहाची किटली आणि फोन.

"या म्याडम. बसा." म्याडम हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की मी उभीच राहिले.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "वाचा मोठ्यानं. ह्या बायांस्नी पण ऐकू दे."

मी वाचलं. "नमस्कार शेतकरी मित्रांनो. माझी सोनाका बाग छाटणीपासून ४५ दिवसांची आहे. हे ॲप वापरायला लागल्यापासून माझा औषधांचा खर्च खूपच कमी झाला आहे. आपणही एकदा अवश्य वापरून पाहावे."

"अवश्य!" मांडवातनं कुणीतरी म्हणालं आणि हसू फुटलं. खरंच, आमच्या भागात बागेविषयी बोलताना हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. लग्नपत्रिकेत वाचला होता.

"आता फोटू दावा तिला," आप्पा म्हणाले. एक वयस्क बाई कात्री कमरेला खोचून पुढं आल्या, डोळे बारीक करून स्क्रीन बघितला आणि म्हणाल्या, "अगं बाई, ह्यो घड तर पाणी उतरलेला हाय. तोडायला आलाय की. पंचेचाळीस दिवसांचं आम्ही हितं काय करतोय मग?" त्यांनी वर हात करून आप्पांचा एक घड माझ्यापुढं धरला. ज्वारीपेक्षा जरा मोठे, कडक, हिरवेगार मणी. फोटोतले मणी टपोरे आणि आरपार दिसावेत असे. "आन् सोनाका म्हंतोय. सोनाका लांब असतंय, हे बघ, गोल हाय."

फोटो गुगलवरून घेतला होता. बाग कुठल्या देशातली होती देव जाणे.

इथवर मी शरमले होते, पण आतून जरा हायसंही वाटत होतं. चूक आमची, हसू आमचं, माफी मागून मोकळं होता येईल. मग आप्पांनी फोन परत घेतला, बोटानं वर वर सरकवत चार दिवसांपूर्वीचा एक मेसेज काढला आणि आवाज खाली आला.

"हे जाहिरातीचं सोडा. हे कुणी लिवलंय?"

कवठे महांकाळकडच्या एका पोरानं विचारलं होतं: बाग फुलोऱ्यात आहे, पाऊस झालाय, पानावर तेलकट डाग दिसतात, काय मारू? आणि आमच्या त्या खोट्या शेतकऱ्यानं उत्तर दिलं होतं: "१ टक्का बोर्डो मारा, रिझल्ट चांगला आहे." पार्टनरनं अकाउंट "जुनं वाटावं" म्हणून कुठल्यातरी जुन्या मेसेजमधून उचलून चिकटवलेलं. बोर्डो हे बुरशीवरचं औषध चांगलंच आहे. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, खरड छाटणीनंतर कितीतरी जण मारतात. पण मोरचुदात तांबं असतं, आणि फुलोऱ्यात तांबं मारलं की फूल करपतं, हे पहिल्या वर्षाच्या बागवाल्यालाही ठाऊक असतं. त्या पोराचं पहिलंच वर्ष होतं. वडील गेल्यावर बाग त्याच्याकडं आली होती.

"मी रातच्याला वाचलं आन् फोन लावला. दोन वळी मारून झाल्या हुत्या."

आम्ही गेलो. आप्पा त्यांच्या मोटारसायकलवर पुढं, मी मागं. वाटेत एका शब्दानं बोलणं नाही. त्या पोराची बाग रस्त्यालगतच होती. पहिल्या दोन ओळींत शिरले आणि बघितलं. बाकी ओळींत घडांवर पिवळसर, बारीक, धुरकट असा फुलोरा होता. या दोन ओळींत तो तांबूस, सुकलेला. बोट लावलं तर भुकटीसारखा गळून पडत होता. काही घडांत चार-दोन फुलं शिल्लक होती, तेवढीच धरतील कदाचित.

मी नुकसानभरपाईचं बोलले. आकडाही मनात धरला होता. पोरगा माझ्याच वयाचा, थोडा लहानच. मांडवाच्या तारेला हात लावून उभा होता. "दोनच वळी हायत, ताई. राहू द्या," तो म्हणाला. "विरळणीची मजुरी वाचली म्हणायची." मग जरा थांबून, "पर ग्रुपवर सांगा ते कोण हुतं. आमी अजून त्याला दादा म्हणून रिप्लाय देतोय."

मी ग्रुपात नव्हतेच. आमचे दोन्ही नंबर आप्पांनी सकाळीच काढले होते. काढले तरी ६० दिवस ते जुन्या सदस्यांच्या यादीत दिसत राहतात, ती वेगळीच शोभा. आप्पांनी स्वतःचा फोन पुढं केला. "लिवत बसू नगा, कोण वाचत न्हाई. बोला."

त्या करपलेल्या ओळीत उभी राहून मी बोलले. माझं नाव, ॲपचं नाव न घेता आमचा धंदा, ते दोन नंबर आमचे, तो शेतकरी कधी नव्हताच, त्याची बाग नव्हती, बोर्डोचं उत्तर चुकीचं होतं, दोन ओळी गेल्या, कुणाच्या ते मी सांगणार नाही. त्यानं दिलेलं दुसरं कुठलं उत्तर कुणी वापरलं असेल तर आप्पांना लगेच कळवा. रेकॉर्डिंग ५० सेकंदांचं झालं. पहिल्यांदा आवाज फुटला म्हणून पुसायला निघाले, तर आप्पा म्हणाले, "असू दे तसंच."

उत्तरं भराभर यायला लागली. एकानं लिहिलं, "आम्हाला तवाच वाटलं होतं." (असं नंतर नेहमी कुणाला तरी वाटलेलं असतं.) एकानं शिवी दिली, ती आप्पांनी तशीच ठेवली. दोघांनी हात जोडले. मग एक मेसेज आला: "ॲपचं नाव काय म्हणाला?"

मी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, चष्मा वर सारला आणि तो मेसेज डिलीट केला.

परत त्यांच्या बागेत येईपर्यंत ऊन कललं होतं. बाया हात धुऊन डबे आवरत होत्या. आप्पांनी गुळाचा चहा ओतला आणि पोत्याखालून एक शंभर पानी वही काढली. मुखपृष्ठावर कुठल्याशा पतसंस्थेचं कॅलेंडर चिकटवलेलं. आत ग्रुपाची हजेरीच म्हणा ना: नाव, गाव, जात, छाटणीची तारीख. एवढं कळल्याशिवाय ते कुणाला आत घेत नाहीत, आमच्या दोघा बहाद्दरांनी तेही खोटंच कळवलं होतं. शेवटच्या पानांवर वेटिंग लिस्ट. ग्रुप भरलेला, कुणी बाहेर पडलं की यातला पहिला आत.

"दोन जागा आडवून बसला हुतासा तुमी. हे बघा, हे पोरगं पलूसचं, दिवाळीच्या आधीपासनं थांबलंय. ह्या पावसात त्याला कुणाला इचारायचं कळंना, मला एकट्याला फोन लावतंय." त्यांनी पहिल्या दोन नावांवर रेघ मारली. ते दोघं आज आत गेले होते.

मग पेन माझ्याकडं वळवलं. "नाव सांग, पोरी."

सकाळपासून पहिल्यांदा म्याडम गेलं होतं. मी नाव सांगितलं. ३८ नंबरला त्यांनी ते ठसठशीत लिहिलं, गाव सांगली.

"जात?"

मी क्षणभर दचकले. मग कळलं ते वाणाचं विचारत होते, सोनाका, माणिक चमन, थॉमसन, काय असेल ते.

"आप्पा, आमची बाग नाहीये."

"व्हय," ते म्हणाले, आणि जात व छाटणीची तारीख हे दोन्ही रकाने जोडून, सावकाश, एकाच ओळीत लिहिलं: बाग नाही.