तुम्ही विचारलंत म्हणून: वंशवादाचं यवतमाळात काय काम?

"काळा-गोरा हा त्यांचा प्रश्न. आपल्या खेड्यात वंशवादाचं प्रशिक्षण कशाला?" परदेशी निधीवर चालणारी आमची कॅथलिक संस्था वंशवाद ओळखायचं आणि टाळायचं प्रशिक्षण देते; तिथे काम करते म्हटलं की हे विचारलं जातंच.

मागे निधी देणारे पाहुणे आले होते. नवऱ्याने आत्महत्या केलेल्या एका ताईंना पाहुण्यांच्या फोटोवाल्याने सांगितलं, जुनी साडी नेसून या. ताई म्हणाल्या, "काहून? हे चांगली हाय ना." कपाशीच्या किती ओळींनंतर तुरीची ओळ घालायची, सोसायटीचं किती देणं, सावकाराचं किती, सगळं त्यांना तोंडपाठ. ते कोणी विचारलंच नाही. समोरच्याला गरज आहे पण अक्कल नाही, असं धरून चालायचं. वंशवादाचं मूळ मला तिथे दिसतं.

माणूस देवाची प्रतिमा आहे, हे बायबलच्या पहिल्याच अध्यायात आहे. मग त्या माणसाच्या वतीने परस्पर ठरवणारे आपण कोण? अकरावे पायस या पोपनी १९३१ मध्ये लिहिलं, की खालच्या पातळीवर लोक करू शकतात ते काम वरच्यांनी हिसकावणं हा अन्याय आहे. गावाचं गावाने ठरवावं, असंच आपण ग्रामसभेत म्हणतो. पण त्याच गादीवरून पाचव्या निकोलसनी १४५२ मध्ये पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती लोकांना गुलाम करायची मुभा दिली होती. अशा फर्मानांतून निघालेला, शोधली ती भूमी आपली मानणारा सिद्धान्त व्हॅटिकनने जाहीरपणे नाकारला तो थेट २०२३ मध्ये. विकासाच्या कामात हा इतिहास शिकवलाच पाहिजे.

आणि आपली जात? भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ च्या धोरणात कबूल केलं, की चर्चमध्येही दलितांशी भेदभाव होतो. मी बौद्ध घरातली, त्यामुळे ही कबुली मला फार मोलाची वाटते. जात आणि वंश एक नव्हेत, पण माणसाला खालचा ठरवायची रीत ओळखू येते. बचतगटाची बैठक मारुतीच्या सभामंडपात असली की आमच्या वस्तीतल्या बाया पायरीपाशीच बसायच्या. कोणी हाकललं नव्हतं, वर बोलावलंही नव्हतं. प्रशिक्षणानंतर जागेचा विषय बायांनीच काढला. आता बैठक अंगणवाडीत होते, आणि हिशेबाची वही वस्तीतल्याच एकीकडे आहे.

अहवालही आधी मराठीत बायांना वाचून दाखवतो. फोटो कोणता जाईल ते ज्यांचा फोटो त्या ठरवतात. यात उशीर होतो, निधीवाले कुरकुरतात. त्यांनाही आम्ही हेच कारण सांगतो.