फळ्यावरचे नऊ ‘त’

नववीच्या वर्गात मराठीच्या सरांनी एकदा फळ्यावर एक ग्रीक ओळ देवनागरीत लिहिली: ‘तुफ्लोस् ता त ओता तोन् ते नून् ता त ओम्मात एइ.’ तिच्यातल्या प्रत्येक ‘त’भोवती लाल खडूने गोल काढण्यासाठी त्यांनी मला पुढे बोलावले. मोजून नऊ गोल झाले. ओळ मोठ्याने म्हणून पाहा, असे ते म्हणाले, आणि जीभ दातांवर आपटू लागताच तिच्यातला राग अर्थ न कळताही आम्हांला जाणवला.

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्समध्ये सोफोक्लीसने लिहिलेल्या ‘राजा ईडिपस’ या नाटकातली ती ओळ. थीब्ज नगरीत साथ पसरली आहे, आधीचा राजा लायस याचा मारेकरी सापडल्याशिवाय ती हटणार नाही, आणि ज्याला सत्य ठाऊक आहे तो अंध द्रष्टा टायरेसियस तोंड उघडायला तयार नाही. अखेर डिवचला गेल्यावर तो राजालाच मारेकरी ठरवतो, तेव्हा ईडिपस कडाडतो, ‘तू कानांनी, बुद्धीने आणि डोळ्यांनीही आंधळा आहेस.’

स्नेहसंमेलनात आम्ही तो प्रवेश केला. ईडिपस मी होतो. तालमीत ते वाक्य मी प्रेक्षकांकडे तोंड करून फेकत असे आणि लगेच पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करत असे. टायरेसियसचे उत्तर असे आहे, की तुला डोळे असूनही तू कुठल्या दुर्दशेत आहेस, कुठे राहतोस आणि कुणाबरोबर राहतोस, हे तुला दिसत नाही. सरांनी तालीम थांबवली. ‘ईडिपसला हे ऐकू येतं आणि तो ते मानत नाही,’ ते म्हणाले, ‘तुला तर ऐकूही आलेलं नाही.’ मला ते फार लागले, कारण ते खरे होते.

पुढे त्यांनी उरलेले नाटक वाचून दाखवले. टायरेसियस, राणी जोकास्टा आणि म्हातारा मेंढपाळ हे तिघेही त्याला थांबवू पाहतात. ईडिपस थांबत नाही. आपणच बापाला मारले आणि आईशी लग्न केले, हे उलगडेपर्यंत तो विचारतच राहतो. तोवर मी त्याला दैवाचा बळी समजत होतो. जोकास्टाच्या वस्त्रावरच्या सोन्याच्या पिना काढून त्याने स्वतःचे डोळे फोडले, हे रंगमंचावर दाखवत नाहीत, सेवक येऊन सांगतो; त्यानंतर ईडिपस म्हणतो, की हे भोग अपोलो देवाने आणले, पण डोळ्यांवर घाव घालणारा हात माझाच होता. हे वाक्य सरांनी दोनदा वाचले आणि पुस्तक मिटले.

सोफोक्लीसच्या मृत्यूनंतर, इसवी सनापूर्वी 401 मध्ये, त्याचे ‘कोलोनसचा ईडिपस’ रंगभूमीवर आले, हे मला कॉलेजात समजले. त्यात मुलीचा हात धरून वणवण फिरणारा आंधळा ईडिपस अखेरच्या क्षणी कुणाचाही आधार न घेता उठतो, मुलींना आणि राजा थिसियसला मागे यायला सांगतो, आणि स्वतः पुढे चालू लागतो. ते वाचले त्या रात्री सरांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर पोस्टकार्डावर आले: ‘आता तो प्रवेश पुन्हा कर. या वेळी टायरेसियस हो.’