बंद खोलीतला हिरवा ठिपका

आमच्या भिंतीवरच्या गृहनियंत्रण पॅनेलमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर बसवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा उत्पादन व्यवस्थापकांच्या तक्त्यात त्यासाठी एकच ओळ होती. पॅनेलमध्ये तापमान आणि आर्द्रता मोजणारी चिप आधीपासून होती. तिच्याच आय-स्क्वेअर-सी वाहिनीवर (चिपांना प्रोसेसरशी बोलता येणाऱ्या तारांच्या जोडीवर) आणखी एक चिप जोडायची, दर पाच सेकंदांनी आकडा वाचायचा आणि पडद्यावर हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका दाखवायचा, एवढीच त्यांची कल्पना.

पहिला वाद सेन्सर कोणता घ्यायचा यावरच झाला. कार्बन डायऑक्साइडचे नाव मिरवणारे काही स्वस्त सेन्सर तापवलेल्या धातू-ऑक्साइडच्या थरावर बाष्पशील सेंद्रिय वायूंचा होणारा परिणाम मोजतात आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधतात. सुगंधी फवारा मारला की त्यांचा आकडा उसळतो, कारण कार्बन डायऑक्साइडचा रेणू त्यांना ओळखताच येत नाही. व्यवस्थापकांना तोच हवा होता, कारण तो स्वस्त आहे आणि पडद्यावरचा ठिपका त्याचा आणि खऱ्या सेन्सरचा सारखाच दिसतो. ही लढाई मी जिंकलो. आम्ही घेतलेला सेन्सर फोटोअकॉस्टिक पद्धतीचा आहे. कार्बन डायऑक्साइड 4.26 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा अवरक्त प्रकाश जोरकसपणे शोषतो. त्या प्रकाशाचे झोत छोट्या कोठडीत सोडले की वायू प्रत्येक झोताबरोबर किंचित तापतो, दाब वाढतो आणि आतला सूक्ष्म मायक्रोफोन तो दाब ऐकतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने 1880 मध्ये टिपलेला हा परिणाम आता नखाएवढ्या डबीत मावतो, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

मात्र त्या झोतांसाठी हा सेन्सर क्षणभर दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. आमच्या जुन्या बोर्डावर नेमक्या त्या क्षणी वाय-फायचे प्रक्षेपण सुरू झाले, तर व्होल्टेज खाली जाऊन पॅनेल स्वतःहून पुन्हा सुरू होई. त्यासाठी स्वतंत्र रेग्युलेटर दिला, जवळ मोठा कपॅसिटर ठेवला. पडद्याची आणि प्रोसेसरची उष्णता सेन्सरपर्यंत पोहोचू नये म्हणून बोर्डात खाच कापली, डबीच्या आत प्लास्टिकची आडभिंत घातली आणि हवेच्या फटी खालच्या कडेला नेल्या. दिसत नसल्यामुळे या कामाचे कौतुक कोणी करत नाही, पण पॅनेलमधली सर्वांत चांगली रचना तीच आहे, असे माझे मत आहे.

चाचणीसाठी काही घरांत पॅनेल लावल्यानंतर एका घराचा आलेख माझ्या नजरेत अडकला. तिथला आकडा दररोज पहाटे 400 पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 400 भागांना, टेकत होता. बाहेरच्या मोकळ्या हवेतच आज 420 पीपीएमहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआच्या वेधशाळेत 1958 मध्ये नोंदी सुरू झाल्या तेव्हा तो 315 च्या आसपास होता. म्हणजे त्या घरातली झोपण्याची खोली बाहेरच्या हवेपेक्षा शुद्ध असल्याचे आमचे पॅनेल सांगत होते. घरच्यांचा अभिप्राय मात्र सर्वांत उत्साही होता: यंत्र उत्तम आहे, ठिपका कायम हिरवा असतो.

सिलिंडरमधल्या ज्ञात मिश्रणाच्या वायूवर जुळवलेले संदर्भ उपकरण घेऊन मी तिथे गेलो. खोलीत अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध बाई होत्या. मुलगी म्हणाली, “आईला गार वारा सोसत नाही. आणि तुमचं यंत्र हिरवंच दाखवतंय, म्हणून आम्ही खिडकी उघडायचं सोडूनच दिलं.” पॅनेल 820 दाखवत होते. संदर्भ उपकरण त्याच्याशेजारी ठेवून वीस मिनिटे थांबलो; ते 1190 वर स्थिरावले.

सेन्सर बिघडलेला नव्हता. तो डेटाशीटमध्ये लिहिल्याप्रमाणेच वागत होता. या सेन्सरांमध्ये स्वयं-कॅलिब्रेशनची, म्हणजे स्वतःचा आकडा आपोआप जुळवून घेण्याची, सोय असते आणि ती कारखान्यातूनच चालू असते. साधारण आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, असे धरून सेन्सर स्वतःची पायरेषा (मोजणीचा तळ) 400 पीपीएमला आणून ठेवतो. रिकामी राहणारी कार्यालये किंवा रोज खिडक्या उघडणारी घरे असतील, तर हे गृहीतक चालून जाते. या खोलीत बाई चोवीस तास श्वास घेत होत्या, खिडकी बंद होती आणि खरा नीचांक साडेसातशेच्या वर होता. सेन्सरने त्यालाच ताजी हवा मानले. हवा जितकी कोंडलेली, तितकी पॅनेलची चूक मोठी, आणि तीही नेमकी दिलासा देण्याच्या दिशेने.

1190 पीपीएमने कोणाला विषबाधा होत नाही. कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीची प्रचलित मर्यादा 5000 आहे. पॅनेलवरचा आकडा खोलीत ताजी हवा किती येते याचा निर्देशक आहे. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्ये सुचवलेली 1000 पीपीएमची रेघ याच अर्थाची होती आणि आमचा पिवळा ठिपका अजूनही तिथेच सुरू होतो. पण खिडकी उघडण्याचा निर्णय घरच्यांनी आमच्या ठिपक्यावर सोपवला होता.

परत आल्यावरच्या बैठकीत स्वयं-कॅलिब्रेशन बंद करा, असे मी म्हणालो. ते बंद केले तर सेन्सर वर्षागणिक सरकत जातो. सोल्डरिंगच्या उष्णतेने हललेला आकडाही काही दिवसांनी पुन्हा जुळवावा लागतो. त्यासाठी उत्पादन-रेषेवर प्रत्येक पॅनेल ज्ञात हवेत काही मिनिटे ठेवावे लागेल, आणि उत्पादन विभागाला मिनिटे मागितली की ते जमीन मागितल्यासारखे पाहतात. ग्राहकालाच बटण देऊ, तो खिडकीपाशी नेऊन दाबेल, असे व्यवस्थापकांनी सुचवले. ग्राहक ते बंद खोलीत, तोंड पॅनेलजवळ आणून दाबेल. उच्छ्वासात सुमारे चार टक्के, म्हणजे 40,000 पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो.

मग मी आलेखाच्या आकाराकडे वळलो. खोली रिकामी झाली की आकडा आधी वेगाने, मग हळूहळू उतरत सपाट होतो. नीचांकाच्या वेळी तो अजून उतरतच असेल, तर ती पायरेषा नाही, एवढे फर्मवेअरला (पॅनेलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला) ओळखता येते आणि ते मी लिहिलेही. दिवसा रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांत ते चांगले चालते. पण ज्या खोलीतून माणूस कधीच बाहेर जात नाही, तिथेही आलेख सपाटच होतो, फक्त वरच्या पातळीवर. बाईंच्या खोलीची पहाट आणि खिडकी उघडी असलेल्या रिकाम्या खोलीची पहाट या दोन आलेखांत फरक करणारी कोणतीही खूण मला एकट्या या सेन्सरच्या आकड्यांत सापडलेली नाही.

सध्या माझा प्रस्ताव असा आहे की पायरेषेची खात्री नसेल, तेव्हा ठिपका राखाडी दाखवावा. राखाडी ठिपक्याचे पॅनेल बिघडले समजून लोक परत पाठवतील, असे व्यवस्थापक म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे आहे असे मला ठामपणे सांगता येत नाही. पुढच्या आवृत्तीचा निर्णय अजून झालेला नाही. त्या घरातले पॅनेल मी उघड्या खिडकीपाशी धरून, श्वास दुसरीकडे सोडत, हाताने जुळवून आलो आहे आणि त्याचे स्वयं-कॅलिब्रेशन बंद केले आहे. आता ते किती सरकते हे पाहण्यासाठी अधूनमधून संदर्भ उपकरण घेऊन तिथे जावे लागेल, आणि त्या कामासाठी व्यवस्थापकांच्या तक्त्यात अजून ओळ नाही.