कावळ्यावर बार, पण नजर आधी गुरांवर

अमेरिकेतल्या पश्चिम ओक्लाहोमात गहू आधी चारतात आणि मग कापतात. माण तालुक्यातल्या आमच्या गावात हे कुणाला सांगितलं की पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. सप्टेंबरात पेरलेला गहू नोव्हेंबरात चांगला फुटला की त्यात दोनशे-अडीचशे किलोची खोंडं सोडतात. ती फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत चरतात. गव्हाने कांडी धरायच्या आत जनावरं बाहेर काढली की तोच गहू जूनमध्ये कापायला येतो. मी हिवाळ्यात कावळ्यांच्या शिकारीला जातो ते असल्या शिवारात, आणि तिथे बंदूक चालवण्यापेक्षा गुरं ओळखता येणं जास्त महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

कावळेच का, हे आधी सांगतो. इथल्या ओढ्याकाठी पेकनची जुनी राई असते. पेकन म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं फळ, कवच पातळ. एरवी राईत गुरं चरतात, पण तोडणीच्या बऱ्याच आधी त्यांना शेजारच्या रानात हलवतात, कारण फळं जमिनीवरूनच गोळा करायची असतात. ऑक्टोबरात टरफलं उकलली की कावळ्यांचे थवे उतरतात आणि एकेक फळ चोचीत धरून निघून जातात. नुकसान खरं आहे. पण तेच कावळे शेजारच्या कुरणात शेणाचे पो उकरून किडे खातात, आणि तिथे ते कुणाचंही वाकडं करत नाहीत. म्हणून मी राईच्या वाटेवर बसतो. कुरणात पोटभर किडे वेचणाऱ्या कावळ्यावर बंदूक रोखत नाही.

कायदाही पाळायचा असतो. १९७२ साली मेक्सिकोबरोबरच्या करारात दुरुस्ती झाली आणि कावळा स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाच्या १९१८ च्या कायद्याखाली आला. राज्यांना शिकारीचा हंगाम ठरवता येतो, पण वर्षाला १२४ दिवसांच्या वर नाही, आणि घरटी भरात असतात तेव्हा तर नाहीच. याच राज्यात फोर्ट कॉबजवळ एके काळी हिवाळ्यात लाखो कावळे रातथाऱ्याला यायचे. भोवती भुईमुगाची शेती होती. मग वेस्ट नाईल हा डासांनी पसरणारा ताप आला. स्टिलवॉटरला संशोधकांनी खुणा करून ठेवलेले बरेच कावळे २००२ आणि २००३ मध्ये त्याने मेले. त्यांच्याच अभ्यासातून कळलेली एक गोष्ट मला फार आवडते: कावळ्याची मोठी झालेली पोरं आईबापांजवळ थांबून धाकट्या भावंडांना भरवतात. इथल्या हिवाळी थव्यांत उत्तरेकडून आलेले पुष्कळ असतात. ओढ्यावरचं वर्षभराचं कुटुंब मी ओळखतो, त्यांच्या झाडाखाली मी बसत नाही.

आता गुरं. नवीन शिकाऱ्याची पहिली गडबड गाडीपासून होते. इथले मालक पिकअपमधून पेंडीच्या कांड्या टाकतात, त्याआधी भोंगा वाजवतात. खोंडांच्या डोक्यात पिकअप म्हणजे खुराक. तुम्ही गाडी घेऊन आत शिरलात की अख्खा कळप धावत येतो आणि तुमचं लपण तिथेच संपतं. गाडी रस्त्यावर ठेवा, चालत जा. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, जसं होतं तसंच सोडा.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी. गव्हातलं कुंपण बहुतेक वेळा एका तारेचं असतं, आपल्याकडच्या झटका मशीनसारखं. बाजारातून नुकती आणलेली खोंडं त्या तारेला अजून सरावलेली नसतात. प्रवासाने दमलेली, आईपासून तुटलेली, बरीच आजारीही पडतात. अशा कळपाजवळ बार झाला तर ती बुजून तार तोडतात आणि पलीकडे हायवे असतो. म्हणून मालकांना माझा पहिला प्रश्न कावळ्यांबद्दल नसतो. “माल कधी उतरवला?” एवढंच विचारतो. नवीन माल असेल तर निरोप घेतो. महिनाभर रुळलेला कळप बंदुकीच्या आवाजाला मान वर करतो आणि पुन्हा खाली घालतो.

कुरणात सीडर या सदाहरित झाडाची झुडपं माजलेली असतात, त्यांच्या आडोशाला बसतो. चेहरा झाकतो, कारण कावळ्याची नजर आधी तिथेच जाते. समोर प्लास्टिकचं शिंगवालं घुबड आणि भांडणाऱ्या कावळ्यांचा आवाज काढणारा स्पीकर. घुबड रात्री रातथाऱ्यावरचे कावळे मारतं, त्यामुळे ते दिवसा दिसलं की थवा चिडून तुटून पडतो. पहिली काही मिनिटंच खरी. मग त्यांना कळतं आणि ते परत फिरतात. घुबड मी कुंपणाच्या बाहेर, उंच खांबावर लावतो. आत ठेवलं तर खोंडं चाटायला येतात, अंग घासून पाडतात, स्पीकरची वायर चघळतात.

बार नेहमी आकाशाकडे, आणि तोही कळपाकडे पाठ करून. बाराबोअरचे बारीक छर्रेही दोनेकशे मीटरवर जाऊन पडतात. रायफल तर कुरणात नकोच. पॉइंट टू-टूची गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते. आबांना हे फोनवर समजावलं तेव्हा ते म्हणाले, “जनावर कुठंय ते बघितल्याशिवाय हात वर करायचा न्हाई.” जन्मभर खिल्लारं सांभाळलेल्या माणसाचं ते बोलणं आहे. आईला ही शिकार मुळीच पटत नाही. पितरांच्या नावाने ज्याला घास ठेवते, त्याला मारणं तिला सोसत नाही, आणि मी तिच्याशी वाद घालत नाही.

उठताना मी रिकामी काडतुसं सगळी वेचतो. गाय जिभेने गवत ओढते आणि निवडत न बसता गिळते. पितळी बूड असलेला प्लास्टिकचा तुकडा पोटात गेला तर काय होतं, ते म्हशीच्या पोटातून तार काढताना पाहिलेल्यांना सांगायला नको. शिशाचे छर्रे चाऱ्यातून किंवा मुरघासातून गेले तर जनावर आंधळं होतं, दात खातं, मरतं. म्हणून गुरांच्या रानात मी पोलादी छर्रेच वापरतो, महाग पडले तरी. आणि मेलेला एकही कावळा मागे ठेवत नाही. स्फुरद कमी पडलेली गुरं हाडं चघळतात, हे माणदेशात कुणालाही माहीत आहे. कुजलेल्या मढ्यातून बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाची बाधा, होतो आणि जनावर पायावर उभं राहू शकत नाही.

फेब्रुवारीत काही मालक फोन करतात: गाई विताहेत, कावळे जमलेत, या. हंगाम तेव्हा चालू असतो, पण मी जात नाही. कावळे बहुतेक वार खायला आलेले असतात. वासराला खरा धोका कोल्ह्यासारख्या कायोटींचा आणि काळ्या गिधाडांचा, आणि त्या गिधाडांना परवान्याशिवाय हात लावता येत नाही. नुकती व्यालेली गाय बारच्या आवाजाने बुजली, वासराला सोडून लांब गेली, तर त्या थंडीत वासराला पहिला चीक मिळत नाही. मी मालकांना सांगतो, गाई आधी सुखरूप मोकळ्या होऊ द्यात, पेकन उकलले की ऑक्टोबरात मला फोन करा.