दरवर्षी हिशोब जुळलाच पाहिजे का?

सरकारने जेवढं येतं तेवढंच खर्च करावं, तसा कायदाच करून टाका, असं कोणी म्हटलं की आधी मी पण लगेच हो म्हणायचो. अंथरूण पाहून पाय पसरावे हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं ना. पण जरा वाचायला लागलो आणि मत बदललं, म्हणजे शिस्त हवीच, फक्त "दरवर्षी" हा शब्द मला आता पटत नाही.

कारण मंदी आली की पगार थांबतात, विक्री घटते, टॅक्स आपोआप कमी येतो, आणि नेमका तेव्हाच बेकार भत्त्यावरचा खर्च वाढतो, त्यामुळे कोणी उधळपट्टी न करता पण तूट पडते. अशात याच वर्षी मेळ घाला म्हटलं तर टॅक्स वाढवा नाहीतर कामं बंद करा, म्हणजे आजारी माणसाचं जेवण तोडण्यासारखंच झालं. अमेरिकेत १९३७ ला हेच झालं. महामंदीतून देश जरा सावरत होता आणि रूझवेल्ट सरकारने बजेट जुळवायला खर्च कापला, वर तिथल्या मध्यवर्ती बँकेनेही हात आखडला, आणि १४ टक्क्यांवर आलेली बेकारी १९३८ मध्ये परत १९ च्या आसपास गेली.

मला स्वित्झर्लंडची पद्धत आवडते. २००१ मध्ये जवळपास ८५ टक्के मतदारांनी तिला हो म्हटलं. तिथे खर्चाची मर्यादा काढताना त्या वर्षीच्या महसुलाला एका आकड्याने गुणतात. मंदीत तो एकपेक्षा थोडा जास्त असतो, तेजीत थोडा कमी. समजा महसूल १०० आला, तर वाईट वर्षी १०१ खर्च चालतो आणि चांगल्या वर्षी ९९ वरच थांबायचं, आणि मर्यादा ओलांडली तर ते एका वेगळ्या खात्यात नोंदवून पुढच्या वर्षांत भरून काढायचं. म्हणजे मेळ घालायचाच, पण काही वर्षांचा मिळून.

जर्मनीने पण २००९ मध्ये असाच ब्रेक, म्हणजे सरकारी कर्जाला मर्यादा घालणारा नियम, संविधानात घातला, केंद्र सरकारला जीडीपीच्या फक्त ०.३५ टक्के तूट, मंदीत थोडी सूट. पण कोरोनासाठी मंजूर झालेलं आणि न वापरलेलं ६० अब्ज युरोचं कर्ज सरकारने हवामान निधीत वळवलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कोर्टाने ते रद्द केलं, त्यानंतर वर्षभरात बजेटच्याच भांडणावरून आघाडी फुटली. मग २०२५ मध्ये संविधान बदलून जीडीपीच्या १ टक्क्यावरचा संरक्षण खर्च ब्रेकमधून बाहेर काढला आणि पायाभूत सुविधा नि हवामानासाठी ५०० अब्ज युरोचा वेगळा निधी काढला.

मला खरी काळजी याच वेगळ्या निधींची वाटते. कर्ज तर तेच, व्याज पण तेच, फक्त बजेटच्या त्या आकड्यात ते दिसत नाही. म्हणून असा कायदा कुठेही येत असेल तर टक्का किती हे मी नंतर बघेन, आधी कुठला खर्च त्या हिशोबाच्या बाहेर ठेवलाय ते बघेन.